भयाची तिथी : हॅलोविनचे रंजन आणि भयानक रसाचा प्रश्न

१

व्यवहारात जे भय टाळले जाते तेच कलेत आवडीने का अनुभवले जाते, हा प्रश्न साहित्यविचाराला अपरिचित नाही. मराठी समीक्षेत तो मुख्यतः करुण रसाच्या निमित्ताने चर्चिला गेला. शोकान्त नाटकाचा प्रेक्षक डोळे पुसतो आणि तरीही पुन्हा तिकीट काढतो, याचा उलगडा करण्याचे प्रयत्न रा. श्री. जोग, द. के. केळकर यांच्या पिढीपासून होत आले. रा. भा. पाटणकर यांच्या 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथाने लौकिकता आणि अलौकिकता या दोन ध्रुवांच्या आधारे कलानुभवाच्या चर्चेला तात्त्विक बैठक दिली. भयानक रसाच्या वाट्याला मात्र एवढा विचार आला नाही. भयकथा हा रंजनाचा प्रांत, आणि रंजन हा समीक्षेचा विषय नव्हे, अशी समजूत त्यामागे असावी.

पाश्चात्त्य सौंदर्यशास्त्रात गेल्या अर्धशतकात भयाला अधिक जागा मिळाली. केंडल वॉल्टन यांनी १९७८ साली 'फिअरिंग फिक्शन्स' या निबंधात पडद्यावरचा हिरवा, लिबलिबीत गोळा पाहून दचकणाऱ्या प्रेक्षकाचे उदाहरण घेतले आणि तो खरोखर घाबरलेला नसून घाबरण्याच्या खेळात सामील झालेला असतो, असा युक्तिवाद केला. नोएल कॅरल यांनी 'द फिलॉसॉफी ऑफ हॉरर' (१९९०) या ग्रंथात भयकथेचे सुख कुतूहलात शोधले. ज्ञात वर्गीकरणात न बसणारा प्राणी किळस आणि भय उत्पन्न करतो, पण त्याचा छडा लावणारी कथनाची वाटचाल सुखद असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. दोन्ही विवेचने मोलाची आहेत. परंतु दोन्हींच्या केंद्रस्थानी एक प्रेक्षक आणि एक कृती एवढेच आहे. भय का आवडते, कशामुळे आवडते, हे प्रश्न तेथे येतात. भय केव्हा आवडते, हा प्रश्न येत नाही.

हॅलोविनच्या निमित्ताने हा 'केव्हा' टाळता येत नाही. ३१ ऑक्टोबरची रात्र ही ख्रिस्ती पंचांगातील सर्व संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या होय. त्यानंतरचा २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस. या सुमारास आयर्लंड, ब्रिटन आणि विशेषतः उत्तर अमेरिकेत भुताखेतांच्या कथा, भयपट, मुखवटे, कोरलेले भोपळे आणि मुद्दाम उभारलेली झपाटलेली घरे यांचा हंगाम असतो. एरवी भयपटाच्या वाटेला न जाणारी माणसेही या दिवसांत तो पाहतात. जो चित्रपट मार्चमध्ये केवळ जुना वाटतो तोच ऑक्टोबरअखेरीस पुन्हा हवा असतो. कृती तीच आणि प्रेक्षक तोच असताना अनुभव बदलत असेल, तर बदल घडवणारा घटक काळ होय. हॅलोविनच्या रंजनात तिथी ही पार्श्वभूमी नसून रसनिष्पत्तीचे साधन असते, हा प्रस्तुत विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे. त्या साधनाची मर्यादा कोठे येते, हेही त्यासोबत पाहावे लागते.

२

भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात प्रत्येक रसाला वर्ण आणि देवता दिली आहे. भयानकाचा वर्ण कृष्ण आणि देवता काल. काल या शब्दात समय आणि मृत्यू हे दोन्ही अर्थ नांदतात. भय आणि काळ यांचे नाते इतक्या थेटपणे नोंदवणारी दुसरी काव्यशास्त्रीय परंपरा सहज आठवत नाही. त्याच अध्यायात भरत भयानकाचे तीन प्रकार सांगतो : व्याजातून येणारे, अपराधातून येणारे आणि कोणी घाबरवल्यामुळे येणारे. व्याज म्हणजे मिष, सोंग. सोंगातून आलेल्या भयाला भरताने रसविचारात स्वतंत्र जागा दिली, ही गोष्ट हॅलोविनसारख्या सोंगांच्या रात्रीचा विचार करताना दुर्लक्षिता येत नाही.

अभिनवगुप्ताने मात्र भय आणि काळ यांच्या संबंधाला वेगळे वळण दिले. 'अभिनवभारती'त तो 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकातील दुष्यंताच्या रथापुढे धावणाऱ्या हरणाचे उदाहरण घेतो. सहृदयाला तेथे होणारी प्रतीती 'मी भ्यालो' अशी नसते आणि 'हे हरिण भ्याले' अशीही नसते. अमुक स्थळी, अमुक वेळी, अमुक व्यक्तीला वाटलेले भय असे तिचे स्वरूप राहत नाही. देश आणि काळ यांच्या संपर्कातून सुटलेले केवळ भय तेथे अनुभवाला येते. हे साधारणीकरण आपोआप होत नाही. पूर्वरंग, प्रस्तावना, नटाचे वास्तव रूप झाकणारा वेश व शिरोभूषण या नाट्यसाधनांनी प्रेक्षकाच्या मनातील स्थलकालविशेषाचा अडसर दूर होतो, असे अभिनवगुप्त सांगतो.

येथे एक पेच उभा राहतो. रसरूप भय काळापासून मुक्त असते, हे मान्य केले तर पंचांगातील एका रात्रीला बांधलेले भय रसरूप कसे होईल? हा पेच मराठीतल्या एका साध्या भेदाने सुटू शकतो. मराठी भाषक तारीख आणि तिथी यांत फरक करतात. मृत्यूची तारीख दाखल्यावर लिहिली जाते; श्राद्धाला तिथी लागते. तारीख एका वर्षाची असते, ती येते आणि कायमची जाते. तिथी परत परत येते आणि ती कोणत्याच एका वर्षाच्या मालकीची नसते. शब्दाच्या काटेकोर अर्थाने तिथी चांद्र कालगणनेची. येथे तो शब्द आवर्ती दिवस अशा व्यापक अर्थाने वापरला आहे. अभिनवगुप्ताला जो काळ अडसर वाटतो तो तारखेचा काळ होय. तिथीचा काळ आधीच अर्धा साधारण झालेला असतो. म्हणून हॅलोविनची रात्र रसाला विरोध करीत नाही. रंगमंचावर पूर्वरंग जे काम करतो तेच काम येथे पंचांग करते, आणि नटाच्या शिरोभूषणाचे काम घरोघरच्या मुलांचे मुखवटे करतात.

आणखी एका जुन्या अडचणीचे उत्तर यातून मिळते. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त हास्य आणि भयानक हे परस्परविरोधी रस मानले आहेत. हॅलोविनच्या रंजनात मात्र ते हातात हात घालून वावरतात. दात विचकणारा भोपळा भीतिदायकही असतो आणि हास्यास्पदही. तिथीने भयाला आधीच संमती दिलेली असल्यामुळे हास्याने त्याचा भंग होत नाही. उलट हास्य ही त्या संमतीची खूण ठरते. हास्याची देवता म्हणून भरताने प्रमथांना, म्हणजे शिवाच्या विचित्ररूप गणांना, नेमले आहे. विरूपतेतून भय आणि हसू एकाच वेळी उगवू शकते, याची जाणीव त्या योजनेतही दिसते.

३

हॅलोविनचे मूळ म्हणून आयर्लंडमधील साउइन या हिवाळ्याच्या आरंभीच्या सणाचा निर्देश नेहमी होतो. तो प्राचीन काळी मृतांचाच सण होता, या लोकप्रिय समजुतीला पुरेसा आधार नाही, हे रोनाल्ड हटन यांनी 'द स्टेशन्स ऑफ द सन' (१९९६) या ग्रंथात साधार दाखवले आहे. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र उगमाच्या वादापेक्षा मध्ययुगीन आयरिश कथांचा पुरावा अधिक उपयोगी आहे, कारण त्यांत ही रात्र कथनाची अट म्हणून येते.

'एख्त्रा नेराइ', म्हणजे नेराची साहसयात्रा, ही कथा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. साउइनच्या रात्री आलिल राजा आणि मेव राणी यांच्या घरी शेकोटीवर कढई चढलेली असते. बाहेर फासावर लटकणाऱ्या कैद्याच्या पायाला वेताची काडी बांधून येणाऱ्यास राजा बक्षीस जाहीर करतो. इतर जण अंधाराला भिऊन परततात. नेरा जातो. प्रेत त्याच्याशी बोलते, पाणी मागते, आणि नेरा त्याला पाठुंगळी घेऊन घरोघर हिंडतो. परत आल्यावर त्याला राजवाडा जळलेला दिसतो. शत्रूच्या मागोमाग तो गुहेतून परलोकात शिरतो, तेथे संसार थाटतो. पुढे बायको त्याला सांगते की, ते जळणे हा आभास होता; वेळीच सावध केले नाही तर पुढच्या साउइनला तो खरा होईल; आणि त्याच्या माणसांची कढई अजून विस्तवावरून उतरलेलीही नाही. परलोकातून आल्याचा पुरावा म्हणून नेरा हिवाळ्याच्या तोंडावर उन्हाळ्यातली रानफुले आणि पाला घेऊन येतो.

या कथेत भय आहे, पण तिचा खरा विषय काळ आहे. एका रात्रीत दोन काळ एकमेकांत उघडतात आणि त्यांच्यातला फरक फुलापाल्याच्या ऋतूवरून ओळखावा लागतो. ही रात्र कथेतून वगळली तर कथाच उरत नाही. कथा सुरू होते ती शेकोटीपाशी चाललेल्या पैजेतून, हेही लक्षणीय आहे. घाबरण्याचा खेळ आणि खरे भय यांच्यातला उंबरठा साउइनच्या रात्री ओलांडला जातो.

रॉबर्ट बर्न्स यांची 'हॅलोविन' ही १७८५ साली लिहिलेली आणि १७८६च्या किल्मार्नक आवृत्तीत आलेली दीर्घ कविता या परंपरेचा पुढचा टप्पा दाखवते. स्कॉटलंडच्या खेड्यातील तरुण मुलेमुली त्या रात्री कोबीवर्गीय भाजीचे देठ उपटून, विस्तवात जोडीने कवचफळे टाकून, आरशासमोर सफरचंद खाऊन भावी जोडीदाराचा अंदाज घेतात. भीतीचे प्रसंग येतात आणि हशात विरतात. अंधारात एकट्याने अंबाडीसारखे बी पेरणाऱ्या बढाईखोर तरुणाची भंबेरी उडते ती एका डुकरिणीच्या घुरघुरण्याने. बर्न्स यांनी कवितेला प्रास्ताविक आणि विधी समजावून देणाऱ्या टीपा जोडल्या, ही बाब अधिक महत्त्वाची आहे. ज्यांना हे विधी ठाऊक नाहीत अशा वाचकांसाठी कविता लिहिली जात होती. विधी करणारे आणि विधी वाचून रमणारे असे दोन वर्ग येथे वेगळे होतात. हॅलोविन हा साहित्याच्या आस्वादाचा विषय होण्याची प्रक्रिया यातून दिसते.

४

अमेरिकेत या तिथीने स्वतःला जुन्या कथांवरही आरोपित केले. वॉशिंग्टन अर्व्हिंग यांची 'द लेजंड ऑफ स्लीपी हॉलो' (१८२०) आज हॅलोविनची प्रातिनिधिक कथा समजली जाते. मूळ कथेत शरद ऋतू आहे, सुगी आहे, मेजवानीनंतरची भुताची गोष्ट आहे, शेवटी फुटलेला भोपळाही आहे. पण हॅलोविनचा उल्लेख नाही. डिस्ने संस्थेने १९४९ साली या कथेचा अनुबोधक नव्हे तर निखळ रंजनपर असा चलच्चित्रपट केला तेव्हा शेतकऱ्याच्या घरची मेजवानी हॅलोविनची झाली आणि शीर नसलेल्या घोडेस्वाराच्या हाती जळता, कोरलेला भोपळा आला. अर्व्हिंग यांच्या कथेचा सूर संशयाचा आहे : घोडेस्वार भूत होते की प्रतिस्पर्ध्याची खोडी, हे त्यांनी मिस्कीलपणे मोकळे ठेवले. रूपांतरात तिथी आल्याबरोबर या संशयाची गरज कमी झाली.

त्स्वेतान तोदोरोव यांनी १९७० साली मांडलेला अद्भुताचा सिद्धान्त येथे तपासून पाहता येतो. नैसर्गिक की अतिमानुष, या निर्णयातील घुटमळ हे तोदोरोव यांच्या मते अद्भुत साहित्याचे लक्षण. हॅलोविनच्या कृतींना ही घुटमळ अनेकदा लागत नाही, कारण विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्न त्या रात्रीपुरता स्थगित झालेला असतो. संहितेच्या आत जी तडजोड घडवावी लागते ती येथे संहितेबाहेर, समाजाच्या पंचांगात, आधीच झालेली असते.

भयाचा हंगाम ऑक्टोबरातच यावा असे मात्र काही नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये भुताच्या गोष्टींचा काळ नाताळ हा होता. चार्ल्स डिकन्स यांची 'अ ख्रिसमस कॅरल' डिसेंबर १८४३मध्ये आली, एम. आर. जेम्स केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात नाताळच्या सुमारास मित्रांना आपल्या भुतांच्या कथा वाचून दाखवीत, आणि त्यांतल्या काहींचा संग्रह १९०४ साली प्रसिद्ध झाला. बीबीसीनेही १९७१पासून अनेक वर्षे नाताळला भूतकथा दाखवली. वर्षाच्या अखेरीचा काळोख, बंद दार, जमलेली मंडळी आणि ठरलेली वेळ हे घटक दोन्हीकडे समान आहेत. महिना बदलला तरी तिथीचे कार्य तेच राहते.

जॉन कारपेंटर यांच्या 'हॅलोविन' (१९७८) या चित्रपटात ते कार्य कथेचाच विषय होते. चित्रपटाचे आधीचे नाव मुले सांभाळणाऱ्या मुलींच्या खुनांवरून ठेवलेले होते. सर्व घटना एका हॅलोविनच्या रात्रीत आणल्यावर नवे नाव आले. चित्रीकरण दक्षिण कॅलिफोर्नियात वसंतात झाले, त्यामुळे शरदाची रंगवलेली कृत्रिम पाने रस्त्यावर पसरावी लागली आणि दृश्य संपल्यावर पुन्हा वापरण्यासाठी गोळा करावी लागली. ऋतू खोटा असला तरी चालला. तिथी खरी वाटणे आवश्यक होते. खुनी १९६३च्या हॅलोविनला बहिणीला मारतो आणि पंधरा वर्षांनी त्याच रात्री गावात परततो. तारखा पडद्यावर दिसतात, पण भय उपजते ते तिथीच्या आवर्तनातून.

या चित्रपटाचे मर्म त्याहून खोल आहे. घरातली मुले दूरचित्रवाणीवर जुने भयपट पाहत असतात. बाहेर खुनी उभा असतो. लहान मुलगा बागुलबुवा दिसल्याचे सांगतो, तेव्हा त्याला सांभाळणारी लॉरी त्याची समजूत घालते. पुढे तीच लॉरी मदतीसाठी शेजारच्या दारावर धडका मारते. आत दिवा लागतो आणि पुन्हा मालवला जातो. दार उघडत नाही. त्या रात्रीची किंकाळी शेजाऱ्यांना सोंग वाटली असणार, असा अर्थ येथे सहज निघतो. सगळे भय व्याज आहे, असा करार समाजाने ज्या रात्रीपुरता केला आहे त्याच रात्री खरे भय ऐकू जात नाही. हॅलोविनच्या कराराची किंमत खुद्द हॅलोविनच्या रंजनातून दाखवणारी ही कृती आहे, आणि नंतरच्या अनेक अनुकरणांपेक्षा ती वरचढ ठरते ती याच कारणाने.

५

तिथीचा करार कोठे मोडतो, हे प्रसारणाच्या दोन प्रसंगांवरून स्पष्ट होते. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्स यांनी सीबीएस रेडिओवर एच. जी. वेल्स यांच्या कादंबरीचे नभोनाट्य सादर केले. नृत्यसंगीत थांबवून मधूनमधून बातम्या दिल्या जात आहेत, अशी त्याची रचना होती. त्यामुळे देशभर हाहाकार उडाला, हे वृत्तपत्रांनी रंगवलेले चित्र अतिरंजित होते, असे नंतरच्या संशोधकांनी दाखवले आहे. तरी काही श्रोते घाबरले, हे हॅडली कँट्रिल यांच्या १९४०च्या अभ्यासावरून दिसते. नाट्याच्या शेवटी वेल्स भूमिकेतून बाहेर आले आणि हे सारे चादर पांघरून दचकवण्यासारखी हॅलोविनची गंमत होती, अशा आशयाचा खुलासा त्यांनी केला. पूर्वरंग येथे भरतवाक्याच्या जागी आला. संमती आधी मागायची ती नंतर मागितली गेली.

बीबीसीने ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी दाखवलेल्या 'घोस्टवॉच'मध्ये तिथी तर उघडच होती. स्टीफन व्होक यांनी लिहिलेल्या या नाट्यात मायकेल पार्किन्सन यांच्यासारखे परिचित निवेदक स्वतःच्याच नावाने वावरत होते. लंडनच्या एका घरातील भुताचा तपास जणू त्याच क्षणी चालू आहे असा देखावा होता, जरी चित्रीकरण आधीच झालेले होते. पडद्यावर दिलेल्या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास हा कल्पित कार्यक्रम असल्याचे सांगितले जाई, पण गर्दीमुळे अनेकांना तो लागला नाही. तक्रारींचा पाऊस पडला. १९९४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हा कार्यक्रम पाहून आघातोत्तर लक्षणे दिसलेल्या दहा वर्षांच्या दोन मुलांची नोंद प्रसिद्ध झाली.

हॅलोविनची रात्र असूनही करार का टिकला नाही? बातमी आणि थेट प्रक्षेपण हे तारखेचे, किंबहुना क्षणाचे, प्रकार आहेत. 'हे आत्ता, येथे घडत आहे' हा त्यांचा दावा असतो. तिथी सांगते की ही रात्र दरवर्षी येते. थेट प्रक्षेपण सांगते की हा क्षण एकदाच येतो. या दोन काळांच्या संघर्षात प्रौढांपैकी अनेकांनी तिथीच्या बाजूने कौल दिला आणि मजा घेतली. लहान मुलांना तो पर्याय उपलब्ध नव्हता. अभिनवगुप्ताच्या परिभाषेत बोलायचे तर 'मी भ्यालो' ही लौकिक प्रतीती तेथे परत आली. वॉल्टन यांचा खेळाचा सिद्धान्तही येथे अपुरा पडतो. खेळाचे नियम कोणाला ठाऊक आहेत, हा प्रश्न कृतीपुरता मर्यादित नसून सामाजिक आहे.

६

याच्या उलट दिशेने, तारीख पुसून तिथी बसवण्याचा धोका मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथे दिसतो. १६९२ साली तेथील चेटकाच्या खटल्यांत १९ जणांना फाशी झाली आणि जाइल्स कोरी या वृद्धाचा दगडांखाली दाबून प्राण घेतला गेला. पहिली फाशी १० जूनची, शेवटच्या २२ सप्टेंबरच्या. ऑक्टोबरअखेरीशी या मृत्यूंचा संबंध नाही. तरीही १९८२पासून भरणाऱ्या 'हाँटेड हॅपनिंग्ज' या उत्सवामुळे सेलम हे हॅलोविनचे ठिकाण झाले. टोकदार टोपीची चेटकीण हे तेथील प्रतीक. ज्यांना फाशी झाली त्या चेटकिणी नव्हत्या, किंबहुना त्यांतले काही पुरुष होते, हे त्या प्रतीकात कोठेच नाही.

हिंदू श्राद्धविधीत सपिंडीकरणानंतर प्रेताचा पितर होतो. व्यक्ती समूहात विलीन होते. तेही एक प्रकारचे साधारणीकरणच, परंतु त्याआधी मृताचे नाव आणि गोत्र उच्चारावे लागते. सेलमच्या उत्सवात नाव न उच्चारता साधारणीकरण होते. आर्थर मिलर यांनी 'द क्रूसिबल' (१९५३) या नाटकात १६९२ हे वर्ष आपल्या काळातील राजकीय छळाशी जोडले, म्हणजे तारखेला तारीख भिडवली. १९९२ साली उभारलेल्या स्मारकात दगडी बाकांवर प्रत्येकाचे नाव, मृत्यूचा प्रकार आणि दिवस कोरलेला आहे. एलिझाबेथ जॉन्सन या दोषी ठरलेल्या स्त्रीचे नाव कायद्याने निर्दोष ठरायला २०२२ साल उजाडले. एकाच गावात तिथी आणि तारीख शेजारी शेजारी नांदतात, आणि भयाच्या आस्वादाची नैतिक कसोटी त्या दोहोंमधील अंतरात आहे.

७

भारतीय परंपरांशी या विषयाची तुलना उत्सवातील साम्यांच्या यादीपुरती राहू नये. आश्विन वद्य चतुर्दशी ही तिथी याबाबत बोलकी आहे. बंगालमध्ये ती भूतचतुर्दशी असते. चौदा पालेभाज्या खाल्ल्या जातात आणि चौदा दिवे लावले जातात. त्याच तिथीच्या पहाटेआधी गोव्यात तरुणांनी बनवलेले नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे मिरवून जाळले जातात, तर महाराष्ट्रात नरकासुर पायाखाली फोडायच्या कारिटापुरता उरतो. हॅलोविनप्रमाणे येथेही भय आणि हसू एकत्र आहे, विशेषतः गोव्यात. परंतु मराठी समाजात मृतांची तिथी वेगळी आहे. पितर भाद्रपदाच्या वद्य पक्षात येऊन गेलेले असतात. दिवाळी ही जिवंतांची. भय, मृत आणि रंजन हे तीन धागे हॅलोविनमध्ये एका रात्रीत गुंफलेले आहेत; मराठीत ते वेगवेगळ्या पंधरवड्यांत वाटले गेले आहेत.

याचा परिणाम साहित्यावर झालेला दिसतो. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, आणि मराठी गूढकथेला पुढे दिवाळी अंकांनी मोठा आश्रय दिला. म्हणजे मराठी वाचकालाही भयकथेचा हंगाम आहे आणि तो ऑक्टोबर-नोव्हेंबरातच येतो. पण ही तिथी प्रकाशनाची आहे, कथेतली नव्हे. दिवाळी अंकातील भूतकथा सहसा दिवाळीच्या रात्री घडत नाही. म्हणून नारायण धारप (१९२५–२००८) किंवा रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्यासारख्या लेखकांना पूर्वरंग संहितेच्या आतच उभारावा लागतो. परिचित मध्यमवर्गीय घर, संशयी श्रोता, हळूहळू ढळणारी खात्री ही त्याची साधने. मराठी गूढकथा तोदोरोव यांच्या घुटमळीला जवळची आणि हॅलोविनची कथा तिच्यापासून दूर, या भेदाचे एक कारण पंचांगात आहे.

दुसरे कारण समाजस्थितीत आहे. जेथे चेटकाच्या आरोपाने माणसाचे जगणे आजही उद्ध्वस्त होऊ शकते आणि ज्यासाठी महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तेथे भय हे निव्वळ व्याज आहे असा करार सर्वांच्या वतीने करता येत नाही. सेलममध्ये हा करार सुमारे तीनशे वर्षांनी झाला, आणि तोही पुरता निर्दोष नाही.

आज तिथीची स्वतःचीच झीज चालू आहे. ऑर्लँडो येथील युनिव्हर्सल स्टुडिओने १९९१ साली तीन रात्रींपुरते सुरू केलेले भयरंजन २०२४ साली ऑगस्टअखेरीस सुरू होऊन नोव्हेंबरपर्यंत चालले. रात्रीचा हंगाम झाला की आवर्तन सैल होते, आणि आवर्तन सैल झाले की रसाची जागा उद्दीपन घेते. अशा काळात हॅलोविनच्या कृतींचे मूल्यमापन त्या किती घाबरवतात यावर करणे पुरेसे नाही. ती रात्र वगळली असता कृतीत काही उणे होते का, आणि त्या रात्री कोणाची हाक ऐकली जात नाही याचे भान कृतीला आहे का, हे दोन प्रश्न विचारावे लागतात. नेराची कथा आणि कारपेंटर यांचा चित्रपट या दोन्ही प्रश्नांना उतरतात. एकात फासावरच्या माणसाला पाणी पाजले जाते, दुसऱ्यात दार उघडले जात नाही. तिथीने दिलेल्या निर्भय भयाची दोन टोके यांत सामावली आहेत.